कानबाईपुढचा डीजे

श्रावण लागला की सुरतेतल्या लिंबायत-उधन्याकडच्या खान्देशी घरांत एकच विषय: यंदा कानबाईला निघायचं कधी? कानबाई ही खान्देशची देवी; नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी तिचं विसर्जन. दिवाळीला गावी जाणं एखाद्या वर्षी चुकतं, कानबाईला नाही. तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदकीचे असतात. कोण आलं नाही ते पंगतीतच कळतं, आणि मग वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

आमच्या गावाला, पारोळ्याला, रेल्वे नाही. ताप्ती लाइनने गेलं तर अमळनेरला उतरायचं आणि पुढे एसटी. त्यापेक्षा आम्ही गाडी करतो. बारडोली, व्यारा, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट. गेल्या श्रावणात मोबाइल पुतण्याच्या हातात होता. घाट संपेपर्यंत हिंदी गाणी, साक्री आली आणि त्याने ‘हाई झुमका वाली पोर’ लावलं. विनोद कुमावतचं हे अहिराणी गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलंय. पुतण्या सुरतेत वाढलेला. शाळेत गुजराती, घरात मराठी-हिंदीची मिसळ. आजी अहिराणीत बोलली की हा मान हलवून मोकळा होतो. पण गाणं त्याला अख्खं पाठ. धुळं येईपर्यंत त्यातल्या शब्दांचे अर्थ त्याने मला विचारून घेतले.

मला अमळनेरचं साहित्य संमेलन आठवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय संमेलन तिथे भरलं, रवींद्र शोभणे अध्यक्ष होते. त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही होतं. साने गुरुजी ज्या गावात शिक्षक होते तिथे १९५२ नंतर पुन्हा असा मेळा, म्हणून मी सुरतेहून मुद्दाम गेलो होतो. भाषणं चांगली झाली, पुस्तकंही घेतली. ती पुस्तकं पुतण्याने अजून उघडलेली नाहीत. त्याला अहिराणीकडे नेलं ते गाण्याने, आणि ते गाणं सवंग आहे म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

रविवारी रात्री मात्र घरात वेगळंच गाणं. चौरंगावर नारळाची कानबाई, नथ आणि दागिने घालून सजवलेली. पुरणपोळी, खीर आणि गंगाफळाची भाजी खाऊन सगळे सुस्तावलेले. आजी भिंतीला टेकून बसली आणि सुरू झाली. एक ओळ तिची, पुढची काकूंची. मध्येच आजी थांबली, समोर बसलेल्या नव्या सुनेकडे पाहिलं, आणि पुढच्या ओळीत तिचं आणि तिच्या माहेरच्या गावाचं नाव घातलं! सून लाजून काकूंच्या पाठीमागे. पुतण्याने त्या रात्री पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला.

सोमवारी डीजे. बायका कानबाई डोक्यावर घेऊन निघाल्या, दारोदार आरती, वाटेत फुगड्या, आणि पुढे भिंतीएवढे स्पीकर. मिरवणूक किल्ल्याकडे आली. १७२७ साली हरी सदाशिव दामोदरांनी बांधलेला हा भुईकोट, झाशीच्या राणीच्या सासरच्या नेवाळकरांचा. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी तो जप्त करून मोडला. जे उरलंय त्याला बाजाराने घेरलंय. त्या अरुंद रस्त्यात आवाज छातीवर आदळत होता. काकांनी डीजेवाल्या पोराला कानाशी जाऊन सांगितलं, “गाणं बरं शे रे भो, पन आवाज कमी कर.” त्याला ऐकूच गेलं नाही. पाठीमागे बायका गात होत्या. त्यांचे ओठ हलताना दिसत, बाकी काही नाही.

माझी तक्रार तेवढीच. अहिराणी गाणी वाजू द्या, पोरं नाचू द्या. पण कानबाईच्या पुढे बायकांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेल इतकी तरी जागा स्पीकरने सोडावी. कानबाईची गाणी यूट्यूबवरही मिळतात, स्टुडिओत गाऊन घोटलेली. आमच्या घरच्या सुना-लेकींची नावं त्यांत कुठून येणार? ती आजीच्याच तोंडी, आणि आजी ऐंशीच्या पुढे आहे.

म्हणून, ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना एक सांगणं: येत्या श्रावणात रविवारी रात्री आजीच्या शेजारी बसा, टीव्ही बंद करा आणि मोबाइलवर तिचं गाणं सगळं रेकॉर्ड करून घ्या. ती मध्येच थांबली, खोकली, कुणाला रागावली, तरी तेही राहू द्या.