अंगणाचा जमाखर्च

आपल्या वसतिगृहाला तेव्हा पत्र्याचे छप्पर होते. उन्हाळी सुट्टीतही गावी न जाणारी आम्ही काही मुले रात्री अंगणात निजत असू. सायंकाळच्या वंदनेनंतर प्रत्येकाने विहिरीतून दोन बादल्या शेंदून अंगणात पाणी शिंपडावे, असा गुरुजींचा शिरस्ता होता. अंगण अर्धे फरशीचे, अर्धे मातीचे. फरशीवरचे पाणी पाहता पाहता वाळे आणि ती मध्यरात्रीपर्यंत तापलेलीच राही. मातीत मुरलेले पाणी मात्र हळूहळू उडे आणि गारवा टिके. मातीकडची जागा मिळावी म्हणून आमची भांडणे होत.

हा फरक मोजता येतो, हे पुढे येथेच शिक्षक झाल्यावर कळले. मी इतिहासाचा विद्यार्थी. विज्ञानाचे सहकारी रजेवर असताना त्यांचा तास घेण्यासाठी हा विषय वाचला. सूर्याकडून आलेल्या उष्णतेचा भूमी जणू जमाखर्च मांडते. काही उष्णता आकाशाकडे परत जाते, काही जमिनीत शिरते. उरलेली हवा तापवण्यात आणि पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. या शेवटच्या दोन खर्चांचे गुणोत्तर आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये पाण्याच्या पृष्ठभागासाठी मांडले. पुढे ते जमिनीलाही लावले गेले. दोन उंचींवर हवेचे तापमान आणि बाष्पदाब मोजला, की त्यांच्या फरकांवरून ते काढता येते. ओल्या, हिरव्या शेतावर ते एकाहून कमी भरते, कोरड्या उजाड जमिनीवर कितीतरी अधिक. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. बर्फागत थंड पाणी उकळीला आणण्यास लागते तिच्या पाचपटींहून अधिक. गुरुजींच्या दोन बादल्यांचे मोल मला त्या दिवशी उमगले.

मग मुलांसह दोन तापमापके घेतली, एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले आणि अंगणात व भाजीच्या वाफ्यावर नोंदी घेतल्या. साधने साधी, आकडे ढोबळ. तरी वाफ्यावरची हवा कमी तापते, हे मुलांनी स्वतः पडताळून पाहिले.

महोत्सवी वर्षानिमित्त संपूर्ण अंगणात सिमेंटचे गट्टू बसवावेत, अशी सूचना आली आहे. पावसाळ्यातील चिखलाचा त्रास खरा आहे, म्हणून वाटा अवश्य बांधाव्यात. परंतु कडुनिंबाभोवतीची माती उघडी राहू द्यावी, ही माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे. सुट्टीत गावी न जाणारी मुले आजही तेथेच निजतात.