वस्तऱ्याचं पाणी

आज्याची धोकटी आमच्या माळ्यावर चाळीस वर्षं पडून होती. अण्णांनी ती टाकून दिली नाही, पण उघडलीही नाही. गेल्या दिवाळीत पत्रे बदलायला माळा रिकामा केला तेव्हा ती माझ्या हाती लागली. आत नऱ्हाणी, कात्री, पितळी वाटी, तुरटीचा खडा, चामड्याचा पट्टा आणि फडक्यात गुंडाळलेला वस्तरा.

आजा माण तालुक्यातल्या आमच्या गावचा न्हावी, बारा बलुतेदारांतला एक. वर्षभर दारोदार दाढी-डोकी करायची आणि सुगीला खळ्यावर पोतं घेऊन उभं राहायचं. पोतं धरायला अण्णा जायचे. एका साली एका मोठ्या शेतकऱ्यानं, ‘औंदा हात हलका न्हाय पडला तुजा,’ म्हणत ठरल्यातली निम्मीच ज्वारी घातली. आजा मान खाली घालून पोतं बांधत राहिला. अण्णा तेव्हा सातवीत होते. पुढं ते मास्तर झाले. आजा गेला आणि धोकटी माळ्यावर गेली.

वस्तरा गंजानं तांबडा पडला होता. पात्याच्या देठावर पुसट इंग्रजी अक्षरं होती – शेफील्ड. फौजेतून परतलेल्या गावातल्या एकानं तो आज्याला दिला होता, एवढं ऐकून होतो. मूठ शिंगाची, एका कडेला किड्यानं खाल्लेली.

दारावर सायकलवाला धारवाला आला तेव्हा मी वस्तरा घेऊन निघालो. ओट्यावर बसलेले अण्णा एकदम ओरडले, “आरं, चाकावर धरू नगंस! पाणी उतरंल त्याचं!”

जन्मभर वर्गात पुस्तकी मराठी बोललेला माणूस. त्यांच्या तोंडून आज्याची भाषा मी पहिल्यांदा ऐकली.

त्यांचं म्हणणं खरं होतं. वस्तऱ्याचं पातं धारेकडं कागदासारखं पातळ असतं. फिरत्या चाकावर ते क्षणात तापतं, निळं पडतं आणि लोखंडाला दिलेलं पाणी जातं. मग धार लावली तरी टिकत नाही. म्हणून सगळं हातानंच करायचं ठरवलं. रात्रभर वस्तरा रॉकेलात ठेवला. मग तेल लावून आधी 800 नंबरचा, नंतर 1500 आणि 2000 नंबरचा पाणीपेपर पाठीकडून हलक्या हातानं घासला. गंजाचे काही खड्डे राहिले. ते काढायला गेलो असतो तर पातंच उरलं नसतं. शिंगाच्या मुठीला खोबरेल चोळलं.

धारेला तीन संध्याकाळी गेल्या. वस्तरा दगडावर सपाट ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. कोन आपण धरायचा नसतो, तो पाठच धरते. धार पुढं करून ढकलायचं, पालटायचं, परत आणायचं. 1000 नंबरच्या दगडावर बारीक दाते निघाले, मग 4000, मग 8000. मला घाई झाली की हात दाबायचा आणि अण्णा ओट्यावरून आवाज ऐकूनच म्हणायचे, “दाबू नगं. वजन वस्तऱ्याचंच फुरं.”

शेवटी पट्टा. तेल पाजून तो मऊ केला आणि खिडकीच्या गजाला बांधला. इथं उलट – पाठ पुढं, धार मागं. पालटताना मी धारेवरून फिरवला आणि पट्ट्याला चीर पडली. अण्णा उठले. कंपवातानं त्यांचा हात थरथरतो, चहाची बशी धरवत नाही. त्यांनी वस्तरा घेतला, पाठीवरून फिरवून दाखवला, दोन-तीनदाच. मग माझ्या हातात दिला. “असं. धार कधी खाली येऊ द्यायची न्हाय.”

त्यांना हे कुणी शिकवलं, हे मी विचारलं नाही. पोतं धरणाऱ्या पोराला आज्यानं पट्टाही धरायला लावला असणार.

मनगटावरचे केस नुसत्या स्पर्शानं उडाले, तशी त्यांनी खुर्ची उजेडात ओढली आणि टॉवेल गळ्याभोवती घेतला.

“कर.”

माझेच हात कापायला लागले. गरम पाण्यानं दाढी भिजवली, साबण लावला, डाव्या हातानं कातडी ताणून धरली आणि केस वळतात त्या दिशेनं वस्तरा उतरवत नेला. भाकरी तव्यावरून सुटावी तसा हलका आवाज येत होता. हनुवटीखाली एक टिपका रक्त आलं. त्यांनीच तुरटी मागून घेतली आणि लावली.

आरसा दिला तर त्यांनी तो बाजूला ठेवला. गालावरून सावकाश हात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. बराच वेळ खळ्याच्या बाजूला बघत बसले. मग म्हणाले,

“याचं बलुतं पुरं घालाय लागंल.”