नव्व्याण्णवांतला पांडुरंग

किशोरवय ओलांडणाऱ्या मुलाची मराठी कादंबरी म्हटली की आपण अजूनही ‘कोसला’पाशीच येऊन थांबतो. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली आली, पण तिचा मुकुंद नववीतला. घर सोडून परक्या शहरात स्वतःला नव्याने घडवू पाहणारा मुलगा १९६३च्या पांडुरंग सांगवीकरातच भेटतो.

‘कोसला’वर भाषेच्या आणि अस्तित्ववादाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांवरच कितीतरी प्राध्यापकांचे शोधनिबंध पोसले गेले असतील! पैशाच्या अंगाने तिच्याकडे त्या मानाने कमी पाहिले गेले, असे मला वाटते. पांडुरंग पुण्यास येतो तो कुणीतरी होण्यासाठी. वादविवाद मंडळ, वसतिगृहातील प्रीफेक्टपद, स्नेहसंमेलनातील नाटक, भोवती जमलेले मित्र. हे कुणीतरी होणे फुकट नसते, आणि त्याची किंमत चुकती होते ती सांगवीहून येणाऱ्या पैशांतून. वडिलांशी असलेले भांडण तो वडिलांच्याच पैशांवर चालवतो. पुढे मित्रही ओसरतात आणि पदेही. उरतो तो गर्दीतला एक. नेमाड्यांनी कादंबरी अर्पण केली आहे तीही शंभरांतल्या नव्व्याण्णवांना.

गंगाखेडच्या वर्गात ही अर्पणपत्रिका शिकवणे वाटते तितके सोपे नाही. आमच्या तालुक्यातून दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यावर मुकादमाची उचल. म्हणजे वर्गातल्या काही मुलांच्या घरी पैसा येतो तोच मुळी कर्ज म्हणून, काम व्हायच्या आधी. पांडुरंगाच्या उधळपट्टीत मला बंड दिसत होते. एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, त्याला परत जायला शेत तरी होतं.” या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करीत आहे. आपले नाव पुसून नव्व्याण्णवांत मिसळून जाणे ही एक चैनच असावी; ज्याच्या घराला गावात नाव आहे त्यालाच ती परवडते.

याच मुलांची इन्स्टाग्रामवर खोट्या नावांची खाती आहेत. अर्धा चेहरा, आडनाव गायब, हातात हप्त्यावर घेतलेला मोबाइल. आपण शिक्षक यावर उपभोगवादाचा शिक्का मारून मोकळे होतो. मला ते तितके सरळ वाटत नाही. आडनाव उच्चारताच जात, तांडा, गल्ली सगळे उघड होते अशा गावात निनावी असण्याला मोकळ्या श्वासाचाही एक अर्थ आहे. त्या श्वासाचा हप्ता कुणीतरी भरतो, हे मात्र खरे.

आणि हे गाव जनाबाईचे. गंगाखेडची ही मुलगी बापाने पंढरपुरी दामाशेटींच्या घरी आणून सोडली, असे परंपरा सांगते. परत जायला तिला काहीच नव्हते. तरीही अभंगाच्या शेवटी ती आपले नाव घालते, नामदेवाची दासी म्हणून का होईना, पण जनी म्हणून. दळणकांडणात गेलेल्या बाईने मुद्रा सोडली नाही आणि सांगवीच्या सधन शेतकऱ्याच्या मुलाला आपले नाव ओझे झाले, हे दोन्ही एकाच वर्षी, एकाच वर्गाला शिकवावे लागते. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांच्या हे ध्यानात आले असेल असे वाटत नाही.

यामुळे ‘कोसला’ माझ्या लेखी लहान झाली, असे नाही. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचे प्रकरण आले तेव्हा शेताचा आणि पैशाचा प्रश्न वर्गात कुणी काढला नाही. शेताविषयी बोललेल्या त्या मुलीनेच ती पाने वाचून दाखवली. मध्येच थांबली, पाणी प्यायली आणि पुढे वाचू लागली. त्या दिवशी मी काही शिकवले नाही.