मुम्मेलझेच्या काठी

युरोपचा प्रवास म्हटला की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे स्वित्झर्लंडची हिमशिखरे आणि पॅरिसचा मनोरा उभा राहतो. आमच्या वाट्याला गेल्या जूनमध्ये एक लहानसे, काळसर पाण्याचे तळे आले, आणि घरी परतल्यावर वारंवार आठवत राहिले ते तेच.

आमचे चिरंजीव स्टुटगार्टजवळ नोकरीस आहेत. एका रविवारी त्यांनी आम्हा उभयतांना आणि आठ वर्षांच्या नातीला मोटारीत घालून ब्लॅक फॉरेस्टची वाट धरली. बाडन-बाडनपासून फ्रॉयडनश्टाटपर्यंत डोंगरमाथ्यावरून जाणारा सुमारे ६० किलोमीटरचा एक रस्ता आहे. दोन्ही बाजूंना देवदारासारखी उंच, गडद झाडे. मधूनच अरण्य विरळ होई आणि कोवळी झाडी दिसे. २६ डिसेंबर १९९९ रोजी ‘लोथार’ नावाच्या वादळाने येथील असंख्य वृक्ष काही तासांत आडवे केले. ही कोवळी झाडे त्यानंतरची, असे चिरंजीवांनी सांगितले. याच रस्त्यालगत, होर्निसग्रिंडे या ११६४ मीटर उंचीच्या पर्वताच्या कुशीत, मुम्मेलझे आहे. ‘झे’ म्हणजे तळे. ‘मुम्मेल’ हे तिकडच्या लोकभाषेत पाणकमळाचे नाव. आपण ज्याला कुमुद म्हणतो त्याच कुळातले.

प्रथमदर्शनी माझी थोडी निराशा झाली, हे कबूल करतो. रस्त्याच्या कडेलाच वाहनतळ, हॉटेल, पायाने चालवायच्या नौका, आणि कोकिळेच्या घड्याळांनी भरलेले दुकान. तळ्याचा विस्तार जेमतेम नऊ एकर. सारा काठ फिरायचा तर ८०० मीटर. समुद्रसपाटीपासून १०३६ मीटर उंचीवरचे, हिमयुगात हिमनदीने डोंगर कोरून केलेल्या खळग्यात साठलेले हे पाणी. पण हॉटेलकडे पाठ करून पलीकडच्या काठाला गेलो आणि बाजाराचा गलबला मागे पडला. तेथे डोंगराचा उतार सरळ पाण्यात उतरतो, झाडांची सावली तळ्यावर पडते आणि पाणी शाईसारखे दिसते. या पाण्याविषयी माणसांना भय का वाटले असेल, हे तेथे उभे राहिल्यावर कळते.

ग्रिम बंधूंनी १८१६ साली प्रसिद्ध केलेल्या जर्मन दंतकथांच्या संग्रहात हे तळे आहे. त्याहून जुना उल्लेख ग्रिमेल्सहाउझेन या सतराव्या शतकातील लेखकाच्या ‘सिम्प्लिसिसिमुस’ या कादंबरीत येतो. हे गृहस्थ याच डोंगराखालच्या रेंखेन गावी कारभारी होते. त्यांचा नायक तळ्यात दगड टाकतो आणि पाण्याखालचे रहिवासी त्याला थेट पृथ्वीच्या पोटात घेऊन जातात. तळ्यात दगड टाकला की आकाश भरून येते आणि वादळ सुटते, ही समजूत तर सर्वतोमुखी होती. एकदा एका जलमानवाने म्हणे शेतकऱ्याकडे रात्रीपुरता आसरा मागितला. शेतकऱ्याकडे बिछाना नव्हता. पाहुणा डबक्यातल्या लव्हाळ्यांत शिरून निजला आणि सकाळी कोरड्या कपड्यांनी बाहेर आला.

माझ्यासारख्या आकड्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला मात्र दोन कथा विशेष भावल्या. व्युर्टेम्बर्गच्या एका ड्यूकने तळ्याची खोली मोजण्यासाठी तराफा बांधून माणसे पाठवली. त्यांनी सुताची नऊ गुंडाळी सोडली तरी तळ लागेना; उलट लाकडाचा स्वभाव सोडून तराफाच बुडू लागला आणि मंडळी जीव घेऊन पळाली. आज तळ्याची खोली सुमारे १७ मीटर असल्याचे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे हिशेब लागला; पण मला त्या पळालेल्या मोजणीदारांविषयी सहानुभूतीच वाटली. वार्षिक तपासणीच्या वेळी अशी खाती मीही पाहिली आहेत.

दुसरी कथा अशी : विषम संख्येचे खडे अथवा वाटाणे फडक्यात बांधून या पाण्यात सोडावेत; वर काढल्यावर ते सम होतात. समांचे विषम होतात. एकीची बेकी करणारे हे पाणी एखाद्या रोखपालाच्या हाती लागले असते तर काय अनर्थ झाला असता, असे मी म्हणालो. त्यावर चिरंजीव मोठ्याने हसले.

जलकन्यांची गोष्ट नातीने सांगितली. ती तिच्या चांगल्या परिचयाची असावी. तिचे मराठी समजण्यापुरते उत्तम, बोलण्यापुरते तुटक; अडले की ती जर्मनमध्ये शिरे आणि तिचे बाबा आम्हाला अर्थ सांगत. तळ्याच्या राजाच्या मुली हिवाळ्यात खालच्या गावी सूतकताईच्या बैठकीला येत. गावातल्या मुलींहून त्यांचे सूत तलम. मात्र ठरलेल्या वेळी त्यांना पाण्यात परतावेच लागे. गावातल्या एका तरुणाचा त्यांतील एकीवर जीव जडला. ती आणखी थोडी थांबावी म्हणून त्याने घड्याळाचे काटे मागे फिरवले. उशिरा का होईना, मुली परतल्या. पण दुसऱ्या दिवशी तळ्याच्या पाण्यावर तांबडे तरंग दिसले, आणि त्या पुन्हा कधीच गावात आल्या नाहीत.

“काटे मागे केले ते कोणाला कळले नाही?” सौभाग्यवतींनी विचारले.

“नाही आजी. तिथे सगळे हसत होते ना.”

चिरंजीव २००९ साली दोन वर्षांसाठी म्हणून गेले होते. पुढे दोनाची पाच झाली, घर झाले, मूल झाले. यात कोणाची फसवणूक नाही, कोणावर रोष नाही; आम्हीही प्रत्येक वेळी नव्वद दिवसांचा व्हिसा घेऊन येतो आणि दिवस मोजून परततो. गोष्ट ऐकताना यातले कोणी काही बोलले नाही. चिरंजीव जरा पुढे चालू लागले. परतीच्या वाटेवर घड्याळांच्या दुकानासमोर सौ. क्षणभर थांबल्या. चिरंजीव म्हणाले, “आई, एक घेऊ या का?” त्या म्हणाल्या, “नको, वाजत राहील सारखे.”

निघण्यापूर्वी नातीने हट्ट धरला की खड्यांचा प्रयोग केल्याशिवाय जायचे नाही. तिने काठावरचे सात खडे वेचले, जर्मनमध्ये मोठ्याने मोजले आणि माझ्या हातरुमालात ठेवले. मी नोटांच्या थैलीला मारतो तशी गाठ मारली. रुमाल पाण्यात सोडला, थोडा वेळ धरला, वर काढला. गाठ सोडून तिने खडे एकेक करून आजीच्या ओंजळीत टाकायला सुरुवात केली. आजीसाठी मोजायचे म्हणून या वेळी मराठीत :

“एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ.”

क्षणभर ती स्वतःच थबकली. मग तिचे डोळे विस्फारले.

“आजोबा! आठ! बेकी झाली!”

छत्तीस वर्षांच्या नोकरीत एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत मी खुर्ची सोडली नव्हती. चिरंजीव माझ्याकडे पाहत होते. त्यांच्याही लक्षात आले होते. मी सौ.च्या ओंजळीत वाकून पाहिले आणि म्हणालो, “बरोबर. आठ.”

खडे तिने पाण्यात टाकले नाहीत, वादळ येईल म्हणून. काठावरच एका दगडावर मांडून ठेवले. मोटार डोंगर उतरू लागली तेव्हा मागच्या आसनावर आजी आणि नात खिडकीतून झाडे मोजत होत्या. पाच म्हणून झाले की सौ. सहा हा अंक जरा मोठ्याने म्हणत.