बाजूच्या रुळावर

प्रारंभी आमच्या शाळेतील छोट्या आगगाडीवर जो तो मुलगा आपलीच गाडी पिटाळीत असे. पुढे कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील जॉन अ‍ॅलन (मृत्यू १९७३) यांच्या १:८७ प्रमाणाच्या लोहमार्गाविषयी माझ्या वाचनात आले. तेथे मित्रमंडळी जमून, डब्यावरील खुणेप्रमाणे प्रत्येक डबा त्याच्या मुक्कामी पोहोचवीत. तीच रीत आम्ही स्वीकारिली.

एके सायंकाळी मालगाडी माझ्या हाती होती. मार्ग एकेरी; समोरून डाकगाडी यावयाची. स्टेशनमास्तर झालेल्या विद्यार्थ्याने मला बाजूच्या रुळावर थांबविले. कंटाळून मी परवानगीवाचून गाडी सोडिली आणि टक्कर झाली. घसरलेले डबे उचलीत तो नम्रपणे म्हणाला, “सर, थांबणे हेही आपले कामच होते.”

नियम शिकविणारा मी, पाळणारा तो. सर्वांदेखत मी त्याची क्षमा मागितली.