नाशिकचा हिरा, साखरपुड्याची अंगठी आणि कॅरटचा घोळ

देवगड तालुक्यातील कुणकेश्वराच्या परिसरात, तसे अवघ्या कोकणातच, कुंपणावर चढलेली गुंजेची वेल आढळते. तिचे लाल-काळे बी पिढ्यान्‌पिढ्या सोनाराच्या तराजूत बसले: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. भूमध्य समुद्राकाठच्या व्यापाऱ्यांनी हेच काम कॅरोबच्या बियांवर सोपवले. ‘कॅरट’ हा शब्द त्या बियांच्या नावावरून आला. १९०७ साली मेट्रिक कॅरट २०० मिलिग्रॅमचा ठरला. म्हणजे पावणेदोन गुंजांहूनही थोडा कमी.

कॅरट हे वजन आहे, आकार नव्हे. साखरपुड्याची अंगठी निवडताना नेमके हेच विसरले जाते. एक कॅरटच्या गोल हिऱ्याचा व्यास साधारण साडेसहा मिलिमीटर असतो. दोन कॅरटचा तेरा नव्हे, जेमतेम आठ. त्यातही हिरा खोल कापलेला असेल, तर वजन तळाशी दडते: पैसे त्याचे मोजावे लागतात, बोटावर मात्र ते दिसत नाही.

हा वजन आणि तेजाचा झगडा महाराष्ट्राच्या इतिहासातही आहे. कुणकेश्वराप्रमाणेच शिवाचे स्थान असलेल्या त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा ‘नाशिकचा हिरा’ पुढे पेशव्यांकडे होता. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाची सत्ता गेली आणि हिरा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडून लंडनला पोहोचला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरटचा, म्हणजे दीड तोळ्याचा होता.

भारतीय कारागीर वजन राखण्यासाठी दगडाच्या मूळ घडणीला धरून पैलू पाडत. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीला ते ओबडधोबड वाटले (लुटीच्या मालालाही नाके मुरडता येतात!). तिने तो नव्याने कापला. सुमारे ८० कॅरट उरले. १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने मात्र हात आखडला नाही. त्याने तेजासाठी हिरा थेट ४३.३८ कॅरटवर आणला. पाऊण तोळाही भरणार नाही, एवढाच.

तरीही १९७० च्या लिलावात या उरलेल्या हिऱ्याला पाच लाख डॉलर मिळाले. जवाहिऱ्याच्या दृष्टीने विन्स्टन बरोबरच ठरला. पण हिरा उद्या परत आला, तरी त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात पूर्वी ज्यावर समईचा उजेड पडत असेल, त्यातला एकही पैलू त्यावर सापडणार नाही.