हत्तीएवढी मुंगी

उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत प्राध्यापक कक्षात ज्या चर्चा होतात, त्यांची नोंद कोणी ठेवत नाही हे बरेच आहे. यंदाचा वाद असा होता : एका हत्तीएवढ्या मुंगीशी लढावे, की मुंगीएवढ्या हजार हत्तींशी? हा प्रश्न प्रथम कोणी काढला हे आता कुणीच कबूल करत नाही; परंतु सहा पदव्युत्तर माणसे लाल पेनांना टोपणे घालून पाऊण तास त्यावर भांडली एवढे खरे.

इतिहासाचे सर एकाच मोठ्या शत्रूच्या बाजूचे. लहानांशी लढणे म्हणजे काय ते औरंगजेबाला विचारा, असे त्यांचे म्हणणे. १६८१ मध्ये तो दक्षिणेत उतरला. १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या केल्यावर आता काम संपले असे त्याला वाटले असणार. त्यानंतरची अठरा वर्षे मात्र अंगावर चढणाऱ्या मराठ्यांच्या तुकड्या झटकण्यात गेली आणि १७०७ मध्ये आजच्या अहिल्यानगरजवळ तो मेला, तेव्हाही त्या चढतच होत्या. "शत्रू निवडायचाच असेल तर ज्याला एकच डोके आहे असा निवडावा," असा सरांनी निकाल दिला.

तो प्राणिशास्त्राच्या मॅडमनी तत्काळ उलथून टाकला. गॅलिलिओने १६३८ मधल्या आपल्या ग्रंथातच हे दाखवून ठेवले आहे, त्या म्हणाल्या. आकार तोच ठेवून प्राणी दहापट उंच केला, तर त्याचे वजन हजारपट होते, पायांचा छेद मात्र शंभरपटच वाढतो. तुमची मुंगी उभीसुद्धा राहणार नाही. शिवाय ती अंगावरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेते; एवढ्या देहात ती हवा आतपर्यंत पोचायची कशी? आणि मुंगीएवढा हत्ती? त्याच्या अंगातली ऊब इतक्या वेगाने निघून जाईल की चिचुंद्रीपेक्षाही अधिक अखंड खात राहावे लागेल. एक रात्र उपास घडला की सकाळी हजार हत्ती आडवे. "दोन्ही बाजूंनी तुम्ही फक्त झोपून राहायचे आहे," मॅडम म्हणाल्या आणि पेपर तपासू लागल्या.

मराठीच्या बाईंनी यावर मुक्ताबाईंची सूर्याला गिळणारी मुंगी काढावी अशी सर्वांची अपेक्षा होती. मी ती काढली, कारण ती न काढणे उद्धटपणाचे दिसले असते. पण मनात दुसरेच काही चालले होते.

माझे माहेर दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती आमच्या भागात उतरले, तेव्हा मी एम. ए. करत होते. केळी, माड, भात, जे दिसेल ते तुडवले जाऊ लागले. रात्ररात्र सारा वाडा डबे बडवत, चुडी पेटवून, सुतळी बॉम्ब लावत जागा असे. त्या धास्तीत बाबांनी घरातल्या मोलाच्या वस्तू हत्तीला सर्वांत दूर पडेल अशा जागी हलवल्या. ती जागा म्हणजे मागल्या अंधाऱ्या खोलीतली, मातीच्या भिंतीला टेकलेली लाकडी पेटी. तिच्यात आईच्या दोन वह्या होत्या. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आईने आजीच्या हयातीत उतरवून घेतलेल्या. त्यांवर मी मोठा प्रबंध लिहिणार होते. तो मोठा व्हायचा होता म्हणूनच, मे महिन्यात येऊन सावकाश नकलून घेईन, असे म्हणत दोन मे महिने घालवले.

तिसऱ्या मे महिन्यात पेटी उघडली. पुठ्ठे शाबूत होते, आईने घातलेले खाकी वेष्टनही शाबूत होते. आत माती होती. पहिल्या वहीची शेवटची अठरा पाने तेवढी वाचली.

बाबा पेटीकडे पाहतच राहिले. केळींचा पंचनामा झाला होता, उशिरा का होईना भरपाई मिळाली होती. वाळवीचा पंचनामा करायला कोण येणार? आई एवढेच म्हणाली, "हत्ती निदान दिसता तरी." मी तिच्या मागे लागले की पुन्हा सांग, मी लिहून घेते. तर म्हणे, "जात्यार बसल्याशिवाय तोंडार येणा नाय गो." जाते तोवर अंगणात, तुळशीपाशी पालथे पडलेले.

हे सगळे मी त्या दिवशी कक्षात थोडक्यात सांगितले. क्षणभर कुणी बोलले नाही. मग मॅडम जरा संकोचाने म्हणाल्या की वाळवी ही मुंगी नव्हेच, ती झुरळाच्या कुळातली. म्हणजे माझा दाखला नियमानेच बाद. त्यावर मात्र सगळे हसले, मीही.

ती अठरा पाने आता संगणकावर उतरवून झाली आहेत. अठराव्या पानावरची शेवटची ओवी अर्धी आहे. पुढचे पान गेले. घरी गेले की आईला विचारते. ती दर वेळी वेगळा शेवट सांगते, आणि मी तो तारीख घालून लिहून ठेवते.